रात्री किती माणसं असतात?

आत्याला स्मृतिभ्रंश झाला, ब्युरोच्या बायका घरी टिकेनात, आणि पुण्याच्या आसपासचे वृद्धाश्रम बघून येण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. घरात रिकामा मी एकटाच. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला खातेवही तपासता येते. माणसांची देखभाल नीट होते की नाही, ते कशावरून ठरवायचं?

पहिल्या ठिकाणी बाग होती, देवघर होतं, आठवड्याच्या जेवणाचा तक्ता भिंतीवर होता. मॅनेजरबाईंनी चहा पाजला, वाढदिवसांचे फोटो दाखवले, मग हळूच डिपॉझिटचा आकडा सांगितला. "इथे कधी कुणी पडत नाही," असंही म्हणाल्या. घरी येऊन मी छान आहे म्हटलं, तर वहिनी म्हणाली, "भाऊजी, छान म्हणजे नक्की काय बघितलंत?" मला बागेपलीकडे काही सांगता येईना.

शेवटी लेस्टरच्या चुलतबहिणीला फोन लावला. ती तिथल्या एका केअर होममध्ये नर्स आहे. इंग्लंडमध्ये अशा प्रत्येक ठिकाणाची नोंद केअर क्वालिटी कमिशनकडे असावी लागते. हा आयोग 2009 पासून काम करतो आणि तपासणीचा अहवाल कुणालाही वाचता येतो. श्रेण्या चार: उत्कृष्ट, चांगलं, सुधारणा हवी, अपुरं. मी हरखून गेलो, पण तिनेच माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. 2024 मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या पाहणीत या आयोगाच्याच कारभारावर ताशेरे ओढले गेले. काही ठिकाणची फेरतपासणी वर्षानुवर्षं झालीच नव्हती. "रिपोर्ट असला तरी स्वतः जाऊन बघावं लागतं रे दादा," ती म्हणाली.

आपल्याकडे तर देशभर अशा श्रेण्या देणारं कुणी नाहीच. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, असं कलम आहे. पण तेही राज्याला 'काढता येईल' एवढंच म्हणतं. पैसे मोजून आत्याला ठेवणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा काय उपयोग?

बहिणीने मग फोनवरच शिकवणी घेतली. टाचा आणि माकडहाड बघ. लाल झालेली कातडी बोटाने दाबल्यावर पांढरी पडत नसेल, तर बेडसोअरची सुरुवात आहे. पाण्याचा पेला हाताला लागतो का बघ. नखं बघ. भरदुपारी सगळेच गाढ झोपलेले असतील, तर कुणाला कसल्या गोळ्या चालू आहेत ते विचार. वजनाची वही माग. आणि संध्याकाळी सातनंतर जा, तेव्हा साहेबलोक घरी गेलेले असतात.

दुसऱ्या ठिकाणी मात्र मला दुपारचीच वेळ दिली होती. साडेतीनच्या सुमारास एका आजोबांच्या पलंगापाशी थांबलो. पायथ्याशी कूस बदलल्याचा तक्ता टांगलेला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात, तशी नोंद होती. आठ, डावी. दहा, पाठ. बारा, उजवी. दोन, डावी. आजोबा उताणे. हेही एक वेळ चाललं असतं. पण चारची आणि सहाची सहीसुद्धा झालेली होती, त्याच पेनाने, त्याच वळणात. बँकेत अशा व्हाउचरवर मी किती जणांना धारेवर धरलंय! मावशींना विचारलं, तर त्या निरागसपणे म्हणाल्या, "सिस्टर सकाळीच भरून ठेवतात, नंतर वेळ कुठे मिळतो?" त्या मजल्यावर सतरा माणसं होती आणि या एकट्या मावशी. राग त्यांच्यावर तरी कसा काढायचा?

नंतरचं ठिकाण दिसायला सगळ्यांत साधं. शहाबादी फरशी, फिनाइलचा वास, लिफ्ट नाही. सातनंतर न सांगता गेलो. एक मावशी स्टुलावर बसून आजींना मऊ भात भरवत होत्या. उभ्याने नाही, बसून. आणि आधीचा घास गिळेपर्यंत चमचा वाटीतच. वजनाची वही मागितली, लगेच मिळाली. एका बाईंचं वजन तीन किलोंनी उतरलेलं होतं. शेजारी लिहिलं होतं: कवळी सैल, दंतवैद्यांना दाखवली, खीर व पातळ खिचडी सुरू. सगळ्यांची वजनं दर महिन्याला जशीच्या तशी दाखवणाऱ्या वहीपेक्षा मला ही वही खरी वाटली. इथे कुणी पडतं का, विचारलं. संचालिका म्हणाल्या, "पडतात ना. मागे एक आजी न्हाणीघरात पडल्या, म्हणून हे दांडे बसवले." रात्री किती माणसं? बावीस जणांना दोन, त्यातली एक रजेवर गेली तर त्या स्वतः राहतात. रात्री डॉक्टर नाही, हे त्यांनी न विचारता सांगितलं. ते मला अजून खटकतं.

आत्या सध्या तिथेच आहे. तुमच्यावर ही वेळ आली तर एकदा तरी न सांगता जा, रात्रीची माणसं विचारा, वह्या मागा. 'वह्या ऑफिसमध्ये आहेत, नंतर दाखवू' असं उत्तर आलं, तर डिपॉझिटचा चेक फाडू नका. आणि आत ठेवलेल्या माणसाचे हाल होताना दिसले, तर ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर 14567 आहे.