मिकीच्या गावात रमतगमत

ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड म्हणजे सकाळी गेट उघडल्यापासून रात्रीचे फटाके संपेपर्यंत नुसती पळापळ? मुळीच नाही! राइड्सच्या मागे न धावताही इथे चार-पाच दिवस झक्कास जातात. फक्त ‘पैसे वसूल’चं भूत आधी मानगुटीवरून उतरवायला हवं.

आपल्यातल्या बहुतेकांची थीम पार्कशी पहिली ओळख झाली ती एस्सेलवर्ल्डमध्ये. एकदा तिकीट काढलं की आत हव्या तितक्या राइड्स! त्यामुळे शाळेच्या सहलीत संध्याकाळी बसमध्ये एकच हिशेब... कोणी किती मारल्या? बारा राइड्स मारणारा हीरो, सातवर अडकलेला बिचारा. ते एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं, पण तो हिशेब काही आपल्या डोक्यातून गेलेला नाही. उलट नोकरीला लागल्यावर त्याला एक्सेल शीट मिळाली! वर्षाकाठी मोजून पंधरा-वीस सुट्ट्या, त्यात व्हिसा, विमानाची तिकिटं आणि वर डॉलरचा भाव. मग सुट्टीलाही डेडलाइन लागते आणि थीम पार्कला टार्गेट.

डिस्ने वर्ल्डमध्ये हे टार्गेट गाठणं तसंही अशक्यच. कारण हा एक पार्क नाहीच. १ ऑक्टोबर १९७१ ला इथे मॅजिक किंगडम सुरू झालं, १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आत्ताचं हॉलीवूड स्टुडिओज आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम. शिवाय दोन वॉटर पार्क, दोन डझनांहून जास्त हॉटेलं, तळी, जंगलं. सगळा पसारा साधारण १०० चौरस किलोमीटरचा. रांग टाळायची सोयही पूर्वीसारखी फुकट राहिलेली नाही. १९९९ मध्ये आलेला फ्री फास्टपास गेला, २०२१ मध्ये जिनी प्लस आलं आणि जुलै २०२४ पासून लायटनिंग लेन मल्टी पास. म्हणजे तिकिटाचे शंभराच्या वर डॉलर मोजायचे, पळण्यासाठी वेगळे पैसे भरायचे आणि आठवडाभर आधी पहाटे उठून मोबाइलवर स्लॉट पकडायचे. हे सुट्टीपेक्षा तत्काळ तिकीट काढण्यासारखंच झालं की!

आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो. दादा-वहिनी, त्यांचा सहा वर्षांचा ईशान, आई-बाबा आणि मी. दादा सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे प्लॅन एक्सेलमध्ये आणि तोही कलर कोडेड! पहिल्या दिवशी माझ्या मोबाइलने चोवीस हजार पावलं मोजली. बाबा अडुसष्ट वर्षांचे, डावा गुडघा कुरकुरणारा. व्हीलचेअर घेऊ या म्हटलं तर, ‘मी काय आजारी आहे?’ रात्री हॉटेलवर पाय गरम पाण्यात सोडून ते अगदी सहज म्हणाले, ‘उद्या तुम्ही जाऊन या. मी इथेच पेपर वाचत बसतो.’

कुणी काही बोललं नाही. आई-बाबांची ही अमेरिकेची पहिली आणि बहुधा शेवटची ट्रिप. वीस तास विमानात बसून माणूस आला कशासाठी, हॉटेलच्या खोलीत पेपर वाचायला? वहिनीने शांतपणे लॅपटॉप बंद केला. ‘उद्यापासून दिवसाला फक्त दोन राइड्स, त्याही ईशान निवडेल. बाकी वेळ बाबांच्या चालीने.’

आणि खरं सांगते, पुढचे चार दिवस फुल्टू धमाल आली. काय काय केलं? वाचा...

प्रवास हीच राइड

गोराईच्या खाडीतली बोट आठवते? एस्सेलवर्ल्डची निम्मी मजा त्या बोटीतच असायची. मॅजिक किंगडमचंही तसंच आहे. गाडी लावायची एका टोकाला आणि पार्क तळ्याच्या पलीकडे. मध्ये सेव्हन सीज लगून नावाचं मुद्दाम खोदलेलं तळं. पलीकडे जायला मोठी फेरीबोट, नाहीतर मोनोरेल. घाईतले लोक मोनोरेलकडे पळतात. तुम्ही बोटीत वरच्या डेकवर जाऊन उभे राहा. समोर सिंड्रेलाचा किल्ला हळूहळू मोठा होत जातो. तो क्षण कुठल्याही रोलर कोस्टरवर मिळत नाही.

मोनोरेल ठेवा दुपारसाठी. १९७१ पासून धावणाऱ्या या गाडीचा एक मार्ग तळ्याभोवतीच्या हॉटेलांना फेरी मारतो आणि त्यातल्या कंटेम्पररी नावाच्या हॉटेलच्या चक्क पोटातून जातो! २०१९ मध्ये सुरू झालेला स्कायलायनर म्हणजे रोपवे. एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि काही हॉटेलं त्याने जोडली आहेत. या दोन्हींना पार्कचं तिकीट लागत नाही. आईला स्कायलायनर इतका आवडला, की आम्ही त्यातून तीनदा गेलो. कुठे जायचं होतं? कुठेच नाही!

आत मॅजिक किंगडममध्येही बसून बघण्यासारखं पुष्कळ आहे. टुमॉरोलँडच्या डोक्यावरून संथ फिरणारं पीपलमूव्हर १९७५ चं. डब्यांना स्वतःचं इंजिन नाही, रुळांमधल्या विजेच्या मोटरी चुंबकाच्या जोरावर त्यांना पुढे ढकलतात. दहा मिनिटं वारा खात बसायचं आणि खालच्या गर्दीकडे बघायचं. पार्कभोवती फिरणाऱ्या आगगाडीची वाफेची इंजिनं तर डिस्ने वर्ल्डपेक्षा जुनी! बाल्डविन कंपनीने १९१६ ते १९२८ च्या दरम्यान बनवलेली ही चार इंजिनं मेक्सिकोतल्या युकातानमधून आणलेली आहेत. मात्र टॉम सॉयर आयलंड आणि तिथली जुन्या धाटणीची चाकाची बोट जुलै २०२५ मध्ये कायमची बंद झाली. सावलीत निवांत बसायची ती हक्काची जागा होती. तेव्हा ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणण्यातही अर्थ नाही. निवांतपणा सापडेल तिथे लगेच उपभोगा!

अकरा देश, दोन किलोमीटर

राइड्सशिवाय दिवस काढायचा तर एपकॉटसारखी जागा नाही. इथल्या वर्ल्ड शोकेसमध्ये एका तळ्याभोवती अकरा देश मांडले आहेत. मेक्सिकोपासून सुरुवात केली तर नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन करत कॅनडापर्यंत. पूर्ण फेरी साधारण दोन किलोमीटरची. म्हणजे सारसबागेत रोज फेऱ्या मारणाऱ्यांना किरकोळच. पाय दुखले तर तळ्यातून बोट आहेच.

नुसते देखावे असतील असं वाटलं होतं, पण बारकावे बघत चाललात तर दिवस पुरत नाही. मोरोक्कोचा भाग १९८४ मध्ये उघडला, तेव्हा त्या देशाच्या राजाने स्वतःचे कारागीर पाठवले होते. तिथल्या टाइल्सची नक्षी त्यांच्या हातची. जपानमध्ये मित्सुकोशी या खऱ्याखुऱ्या जपानी कंपनीचं दुकान आहे. चहाच्या कपांपासून किमोनोपर्यंत सगळं मिळतं. आईने तिथे एक तास काढला आणि एक चमचा घेतला. पण तो तास तिचा होता!

बाबांचा तास मात्र ‘द लँड’मध्ये गेला. कृषी खात्यात तीस वर्षं नोकरी केलेला माणूस. ‘लिव्हिंग विथ द लँड’ नावाची बोट शेवटी खऱ्या ग्रीनहाउसमधून जाते. मातीशिवाय वाढणारी भाजी, हवेत लटकणारी मुळं, झाडासारखा पसरलेला टोमॅटो. यातलं काही पीक एपकॉटच्याच रेस्टॉरंट्समध्ये शिजतं. चौदा-पंधरा मिनिटांची फेरी, पोटात गोळा नाही, किंकाळ्या नाहीत. बोटीतून उतरल्यावर बाबा म्हणाले, ‘परत बसायचं का?’ अख्ख्या ट्रिपमध्ये त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. आम्ही परत बसलो. तेव्हा त्यांनी ईशानला ठिबक सिंचन समजावून सांगितलं. सहा वर्षांच्या पोराला! आणि पोरगं ऐकत होतं.

आनंदपूरचे वाघ

अ‍ॅनिमल किंगडममध्ये सगळे पहिल्यांदा पँडोराकडे धावतात. धावू देत. तुम्ही उलट्या बाजूला वळा. मधोमध ४४ मीटर उंचीचा ‘ट्री ऑफ लाइफ’ आहे. त्याच्या खोडावर तीनशेहून जास्त प्राणी कोरलेत. भोवतीच्या पायवाटांवर ते शोधत फिरा. ईशानने एकोणतीस शोधले. त्याच्या मते ही ‘सगळ्यात भारी राइड’ होती.

पुढे एशियामध्ये ‘आनंदपूर’ नावाचं काल्पनिक गाव आहे. गंजलेल्या सायकली, भिंतीवर रंगवलेल्या जाहिराती, लटकणाऱ्या वायरी! आपल्याकडे ज्याला आपण ‘किती हा पसारा’ म्हणतो, तो इथे कलाकारांनी मेहनतीने उभा केलाय. इथली महाराजा जंगल ट्रेक ही पायवाट पडक्या राजवाड्यातून वाघांपर्यंत नेते. रांग नाही, स्लॉट नाही. काचेपलीकडे वाघ आळस देतो, आपण अलीकडे.

जेवायला मात्र पार्कबाहेर पडा. अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेजमध्ये सना नावाचं रेस्टॉरंट आहे. तिथे राहत नसलात तरी चालतं, पार्कचं तिकीटही लागत नाही. खिडकीबाहेर गवताळ कुरण आणि त्यात चरणारे जिराफ, झेब्रे. आणि टेबलावर? चक्क नान! आफ्रिकन जेवणाला भारतीय चवीची जोड हे इथलं वैशिष्ट्य. ‘ब्रेड सर्व्हिस’ मागवली की भारतीय पद्धतीच्या ब्रेडबरोबर चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, रायतं, लोणचं अशा वाट्यांची रांग लागते. आईने सगळं चाखून निकाल दिला, ‘नान बरा आहे, लोणचं मुरलेलं नाही.’ तेवढ्यात जिराफ खिडकीजवळ आला आणि लोणच्याचा विषय तिथेच राहिला.

एक ते चार बंद!

दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून पुणेकरांची कितीही टिंगल करा, फ्लोरिडात हाच फंडा कामाला येतो. दुपारी रांगा सगळ्यात लांब, ऊन डोक्यावर. जून ते सप्टेंबरमध्ये तर बहुतेक दुपारी गडगडाटी पाऊस येतो आणि विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. अशा वेळी हॉटेलवर या, जेवा, वामकुक्षी घ्या. त्याच दिवशी त्याच तिकिटावर पुन्हा आत जाता येतं. पाचला ताजेतवाने होऊन गेलात, की संध्याकाळचे दिवे आणि रात्रीचे फटाके डोळे उघडे ठेवून बघता येतात. नाहीतर फटाक्यांच्या वेळी झोपलेल्या पोरांना खांद्यावर टाकून उभे असलेले आई-बाप इथे रोज दिसतात.

एक दिवस पार्कला सुट्टी

पाच दिवसांतला एक दिवस मिकीचं तोंडही बघू नका. तिकिटाचे पैसेही वाचतील. तासाभराच्या आत विंटर पार्क नावाचं टुमदार गाव आहे. तिथे १९३८ पासून एक बोट टूर चालते. तळ्यांना जोडणाऱ्या अरुंद कालव्यांमधून, लोकांच्या बंगल्यांच्या मागच्या अंगणांना लागून तासभर फिरवते. जवळच मोर्स म्युझियममध्ये टिफनीच्या रंगीत काचांचा जगातला सगळ्यात मोठा संग्रह आहे. निसर्ग हवा असेल तर वेकिवा स्प्रिंग्ज. या झऱ्याचं पाणी बारा महिने साधारण २२ अंशांवर असतं. थंडीत गेलात तर ब्लू स्प्रिंग गाठा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये नदीतल्या समुद्रगाई, म्हणजे मॅनाटी, उबेसाठी इथल्या झऱ्यात येतात. अवाढव्य प्राणी, पण हालचाल अशी की कुणालाच कसली घाई नाही. सुट्टी कशी घालवावी, ते यांच्याकडून शिकावं!

हां, तुम्ही तिघं-चौघं मित्र असाल, गुडघे ठणठणीत असतील आणि रोलर कोस्टर हेच वेड असेल, तर खुशाल पळा. त्यातही मजा आहेच. पण सोबत आई-बाबा असतील, लहान मूल असेल, किंवा अप्रेझलनंतर तुमचंच डोकं भणभणलेलं असेल, तर ‘किती मारल्या’ हा प्रश्न घरी ठेवून जा. आमच्या पाच दिवसांत मिळून तेरा राइड्स झाल्या. दादाच्या शीटमध्ये एक्केचाळीस होत्या. बाबा सध्या सकाळच्या कट्ट्यावर मातीशिवायच्या टोमॅटोची गोष्ट सांगतात. त्या एक्केचाळीसात ती बोट नव्हतीच.

निवांत टिप्स

• दिवसाला दोनच राइड्स नक्की करा. त्या सकाळी गेट उघडताच उरका, बाकी दिवस मोकळा.

• पार्कमध्ये घरचे खाद्यपदार्थ नेता येतात, फक्त काचेचे डबे आणि दारू नको. ठेपले, चिवडा, लाडू बिनधास्त न्या. कोल्ड्रिंक मिळणाऱ्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागा, फुकट मिळतं.

• जास्त दिवसांच्या तिकिटात दर दिवसाचा भाव कमी पडतो, पण म्हणून नको असलेले दिवस घेऊ नका.

• सनासारख्या रेस्टॉरंटचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. दुपारचं टेबल घ्या, अंधारात जिराफ कसे दिसणार?

• व्हीलचेअर पार्कमध्ये भाड्याने मिळते. ज्येष्ठांना ‘आजारी म्हणून’ नाही, ‘बॅगा ठेवायला’ म्हणून पटवा. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी चाललं!