वरवे बुद्रुक ते बोहरी आळी

माझ्या गावाच्या नावातला एक शब्द इराणकडून आलाय. ‘बुद्रुक’ म्हणजे फारसीतलं ‘बुजुर्ग’, थोरलं. शेजारी वरवे खुर्द आहे. ‘खुर्द’ म्हणजे धाकटं, तेही फारसीच. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात आणि खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडलात की आमच्या गावाची पाटी लागते. तिच्यासमोरून मी कॉलेजची चार वर्षं येजा केली, पण हा अर्थ कळला तो नोकरीला लागल्यावर, एका रिकाम्या दुपारी शब्दकोश चाळताना.

तो पुन्हा आठवायला कारण झालं भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक मेसेज. ‘बाहेरच्यांच्या दुकानातून खरेदी बंद करा.’ बाहेरचे म्हणजे कोण, हे लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती. खाली चोवीस अंगठे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अंगठाही दिला नव्हता आणि उत्तरही. पण त्याच आठवड्यात वावराला कुंपण घालायचं होतं, आणि काटेरी तार आप्पा तीस वर्षं पुण्यातल्या बोहरी आळीतल्या एकाच दुकानातून आणतात. गुडघे दुखतात म्हणून या वेळी मला जायला सांगितलं. शनिवार होता. म्हटलं, कॅम्पातून नदीपर्यंत पायीच जाऊ, दुकान वाटेत आहे.

सुरुवात लाल देवळापासून केली. हे देऊळ म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, पण पुणेकरांनी लाल भिंती पाहून त्याला सरळ देऊळ करून टाकलं. खरं नाव ओहेल डेव्हिड. फाटकावर बंदोबस्त होता, म्हणून घड्याळाचा उंच मनोरा रस्त्यावरूनच पाहिला. हे बांधून घेतलं डेव्हिड ससून यांनी. जन्म बगदादचा. तिथल्या राज्यकर्त्यांच्या जाचामुळे ते बाहेर पडले आणि १८३२ च्या सुमारास मुंबईत आले. कापूस आणि अफूच्या व्यापारात अमाप पैसा केला, १८६४ मध्ये पुण्यात वारले. त्यांची कबर याच आवारात आहे. देऊळ पुरं झालं ते १८६७ मध्ये. माझ्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ससूनला झालं. ते नाव बगदादच्या एका घराण्याचं आहे, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. अफूनं चीनमध्ये किती घरं उद्ध्वस्त केली, हेही अर्थात नाही. व्यापारातून दवाखानेही उभे राहतात आणि विषही विकलं जातं. मनोऱ्याकडे बघताना दोन्ही लक्षात ठेवायला हवं.

तिथून नाना पेठ ओलांडून गंज पेठेत आले. ‘गंज’ फारसीच: कोठार, धान्याचा बाजार. आता या पेठेला महात्मा फुल्यांचं नाव आहे, कारण त्यांचा वाडा इथे आहे. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो हौद बघताना या सगळ्या फेरफटक्याचा सूर जरा बदलला. पेठांचं वर्णन करताना आपण हौसेनं म्हणतो, इथे सगळे गुण्यागोविंदानं राहत होते. पैसा सगळ्यांच्या हातातून फिरत होता, हे खरं. पाणी फिरत नव्हतं. कात्रजच्या तलावाचं पाणी पेशव्यांनी दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. ते कोणी कुठे भरायचं, हे मात्र जातीनं ठरत होतं.

रविवार पेठेचं जुनं नाव मलकापूर. सोमवार पेठ म्हणजे शहापूर. वारांची नावं नंतर आली. पण गल्ल्यांची नावं अजून धंद्याची किंवा धंदा करणाऱ्यांची आहेत: कापडगंज, बुरुड आळी, बोहरी आळी. बुधवारात तर देवाचं नावच बाजारानं पडलंय. समोर पासोड्या विकत, म्हणून पासोड्या विठोबा. बुरुड आळीत सुपं आणि टोपल्या बाहेर मांडलेल्या होत्या. भातलावणीला आजी डोक्यावर घ्यायची ते इरलं आठवलं.

बोहरी आळीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं कडेला व्हावं लागतं. साखळ्या, कुलपं, नटबोल्ट, घमेली, दोरखंड. बोहरा हे नाव व्यापार करणं या अर्थाच्या गुजराती शब्दावरून आलं, असं सांगतात. दुकानात शिरल्या शिरल्या शेट म्हणाले, “पाटील नाही आले?” ते प्रत्येक शेतकऱ्याला पाटीलच म्हणतात. मग गुडघ्यांची चौकशी, मग चहा, मग भावावरून घासाघीस. आप्पांचं त्यांच्याबद्दलचं मत ठरलेलं आहे: शेट वजनात खरा, भावात चोर. पण पाऊस गेला त्या वर्षी याच माणसानं तार, खिळे आणि दोन पावडी उधारीवर दिली होती. कागद केला नव्हता. आप्पांनी भात विकून फेडलं, तेव्हा चिठ्ठी फाडायचाही प्रश्न आला नाही.

शेट पावती लिहीत होते आणि माझ्या डोक्यात मेसेज फिरत होता. आमच्या कामात एखादी लायब्ररी प्रोजेक्टमधून काढायची झाली, तर आधी बघतो की तिच्यावर काय काय उभं आहे. तसं एक वाक्य घेतलं: ‘दुकानदारानं हिशेब करून रक्कम सांगितली.’ अरबी-फारसी शब्द बाहेर काढले, तर ‘करून सांगितली’ एवढंच उरतं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा. त्यात बाजारातल्या मालासाठी ‘पण्यवर्ग’ असा वेगळा भाग आहे. तरीही दलाल, सराफ, नफा, नुकसान, तगादा हे शब्द हलले नाहीत. माझा पगार आणि खोलीची चावी तर पोर्तुगीज. बाहेरचं काढायला बसलं तर मला बाजारात तोंडच उघडता येणार नाही.

तार ट्रान्सपोर्टनं पाठवायचं ठरलं आणि मी कसब्याकडे निघाले. तांबट आळीत तांब्यावर हातोडे पडत होते. दोन घरं आधीपासून आवाज येतो. पुढे कुंभारवेस आणि मुठा. पाणी काळं, काठाला प्लास्टिक. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा हीच नदी काठच्या पेठांमध्ये शिरली होती. तिनं आडनावं विचारली नव्हती. पण नंतर कोणाचं घर लवकर उभं राहिलं आणि कोणाचं नाही, ते बहुधा गाठीच्या पैशावर ठरलं असेल.

रात्री ग्रुपवर मी पावतीचा फोटो टाकला आणि खाली ‘बुद्रुक’चा अर्थ लिहिला. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. आप्पांनी शेटला फोन लावून किलोमागे दोन रुपये जास्त घेतल्याबद्दल दहा मिनिटं हुज्जत घातली. मग मेसेज टाकणाऱ्या काकांचा मला वेगळा मेसेज आला: ‘आम्हाला पण दोन बंडलं लागतील. तुझ्या ओळखीनं भाव कमी होईल का?’

होईल, असं मी कळवलं. ग्रुपवरचा मेसेज त्यांनी अजून काढलेला नाही.