माझी निवृत्ती २०६७ साली आहे

मित्रांनो, एक आनंदाची बातमी. सरकारी कागदानुसार माझा जन्म २००९ सालचा आहे आणि मी २०६७ साली निवृत्त होणार आहे.

म्हणजे तालुक्याच्या यादीत तसं छापून आलं होतं. स्टाफरूममध्ये दोन दिवस हशा पिकला. मीही हसलो. मग दुरुस्तीसाठी ऑफिसात गेलो, तर तिथले एक साहेब अगदी प्रेमाने म्हणाले, "सर, तुम्ही कशाला त्रास घेता? कुणाकडून तरी भरून घेत जा ना." हे मात्र हसण्यावारी नेता येईना.

मी पूर्ण अंध आहे, हायस्कूलला इतिहास शिकवतो. कॉम्प्युटरवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. तो फुकट मिळतो, आणि ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मित्रांनी सुरू केलेला आहे. पेपर काढणं, निकालपत्रकं, ईमेल, सगळं माझं मी करतो. अडतं ते ग्रुपवर येणाऱ्या एक्सेल फाइलपाशी. "आज ५ वाजेपर्यंत भरून पाठवणे." त्यात माझा पगार, बँक खातं, दिव्यांगत्वाची टक्केवारी, घरच्यांची नावं. हे मी कुणाला शेजारी बसवून मोठ्याने सांगायचं? आठवीतल्या पोराला?

तुम्हाला शीट एका नजरेत दिसतं. मला एका वेळी एकच सेल ऐकू येतो. "सी सात, रिकामा. डी सात, रिकामा." भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं नाही, कुणीतरी एकेक तारीख कानात सांगणार, आणि त्यावरून महिना ओळखायचा, असं काहीसं.

त्या फाइलमध्ये चार कॉलमवर एकच मोठा मर्ज केलेला मथळा होता: "दिनांक". त्याच सेलमध्ये पुढे स्पेस देऊन देऊन "जन्म, नियुक्ती, हजर" असं लिहिलेलं. नावं तीन, कॉलम चार. कारण पहिला कॉलम नुसता मोकळी जागा दिसावी म्हणून सोडलेला, बोटभर रुंदीचा. मी ऐकलं त्याच क्रमाने तिन्ही तारखा भरल्या. जन्मतारीख त्या बोटभर कॉलममध्ये गेली, तिथे ती मावली नाही, नुसते हॅश दिसायला लागले. कुणीतरी कचरा समजून तो कॉलमच उडवला. उरलेल्यातली पहिली तारीख नियुक्तीची, २००९ ची. झाली माझी जन्मतारीख. पुढे अठ्ठावन्न मिळवायचं काम एक्सेलने चोख केलं.

चूक कुणाची? मी महिनाभर स्वतःलाच दोष देत होतो.

मग ती फाइल बनवणाऱ्या ऑपरेटरला गाठलं. पोरगा चांगला आहे, कंत्राटी आहे, दिवसाला अशा पाच-सहा फाइली काढतो. त्याला म्हटलं, मॉनिटर बंद कर आणि माझ्या हेडफोनवर तुझीच फाइल भर. दहा मिनिटांत घामाघूम. त्याची सूचना होती, "पिवळ्या रंगाच्या रकान्यात लिहू नये." पिवळा रंग कानाला कसा कळणार? आणि ती सूचनासुद्धा टेक्स्ट बॉक्समध्ये, सेलच्या वर तरंगणारी. बाणाच्या बटणांनी सेल टू सेल फिरणाऱ्याला ती भेटतच नाही. काही मथळे जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये होते. डोळ्यांना "नाव" दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं असतात. मला ऐकू येतं "यू, के, ओ".

दुरुस्ती अर्ध्या दुपारची निघाली. मर्ज सगळं तोडलं. एका कॉलमला एक मथळा, तोही युनिकोडमध्ये. मोकळे कॉलम काढून टाकले. जागा हवी तर कॉलम रुंद कर ना बाबा. सूचना ए-वन सेलमध्ये आणली, कारण नवी फाइल उघडली की आम्ही आधी तिथे जातो. मग भरायचे सेल अनलॉक करून शीट प्रोटेक्ट केलं, म्हणजे टॅब दाबला की थेट पुढच्या भरायच्या सेलवर. इथे तो जरा जास्तच उत्साहात आला आणि लॉक केलेले सेल निवडायची परवानगीही काढून घेतली. त्याबरोबर मला मथळेच वाचता येईनात! ती खूण परत लावली. डेटा व्हॅलिडेशनमधला इनपुट मेसेज तर खास सांगतो: त्या सेलवर गेलं की "जन्मदिनांक, दिवस-महिना-वर्ष" असं आपोआप ऐकू येतं. तो तारखांनाच लावला. प्रत्येक सेलला लावला तर कान किटतात.

नव्या फाइलमध्ये माझी माहिती मी एकट्याने सहा मिनिटांत भरली. आणि गंमत म्हणजे दिसणाऱ्या सहकाऱ्यांच्याही चुका कमी झाल्या.

आता कायद्याचं. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. इलेक्ट्रॉनिक मजकूर आम्हाला वापरता येईल अशा स्वरूपात असावा, यासाठी सरकारने पावलं उचलायची, असं त्याचं कलम ४२ सांगतं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, ऑनलाइन केवायसीच्या प्रकरणात, डिजिटल सुविधा वापरता येणं हा कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. नोकरीत आम्हाला ४ टक्के आरक्षण आहे. म्हणजे खुर्ची द्यायची, आणि खुर्चीत बसून करायचं काम मात्र दुसऱ्याकडून करून घ्या म्हणायचं. ही फाइल कुठल्या वेबसाइटवर नसते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, म्हणून तपासायला कोणी जातच नाही. एक्सेलमध्ये रिव्ह्यू टॅबखाली अ‍ॅक्सेसिबिलिटी तपासायचं बटण आहे. ते सगळं पकडत नाही, पण मर्ज केलेले सेल दाखवतं. जिथे मूळ नमुना तयार होतो, तिथेच ते एकदा दाबायला काय हरकत आहे?

कारण मागच्या आठवड्यात ऑपरेटरचा फोन आला. "सर, वरून नवीन फॉरमॅट आलाय. सगळं मर्ज आहे. तोडून पाठवू का तुम्हाला?" म्हटलं, पाठव. फाइलच्या तळाशी एक ओळ होती: फॉरमॅटमध्ये कोणताही बदल करू नये, अन्यथा माहिती स्वीकारली जाणार नाही.

सध्या तो दोन फाइली ठेवतो. एक माझ्यासाठी आणि एक वर पाठवायला. मी भरलं की संध्याकाळी साडेपाचनंतर बसून एकेक सेल इकडून तिकडे चिकटवतो. त्याचे पैसे त्याला कोणी देत नाही.