चिंचेखालचा दगड

कागलच्या आमच्या मळ्यात चिंचेखाली एक दगड आहे. पूर्वी त्यावर धुणे होई. हल्ली वहिनी त्यावर उभ्या राहून आमच्याशी पुण्याला बोलतात. एक पाऊल खाली उतरल्या की संभाषण तुटलेच! मोबाइलचा मनोरा गावात, मळा दूर. दोन वर्षांमागे पावसाळ्यात एका रात्री दादांच्या छातीत दुखू लागले, तेव्हा वहिनी भर पावसात त्या दगडावर उभ्या होत्या आणि फोन लागत नव्हता. अखेर गड्याला मोटारसायकलीवरून गावात पिटाळले. दादा वाचले, पण तो पाऊण तास माझ्या मनातून जाईना.

यंदा दिवाळीला सगळे मळ्यावर जमलो तेव्हा मी तो पाऊण तास पुतण्यापुढे मांडला. तो बेंगळूरला याच बिनतारी यंत्रणांचे काम करतो.

"पण फोनवर रेघा तर दिसत होत्या!" वहिनी म्हणाल्या.

"दिसणारच," करंजी मोडीत तो म्हणाला. "मनोऱ्याचा आवाज दणदणीत, तो इथवर येतो. फोनचा आवाज बारीक, तो तिथवर पोचत नाही."

मग त्याने सांगितले ते असे. फोन कोणाचाही असो, मनोऱ्याशी त्याने ठरलेल्या बोलीतच बोलायचे. ती बोली म्हणजे मानक. ते ठरवायला जगभरची मंडळी बैठका घेतात, आणि ज्याची पेटंट घेतलेली युक्ती मानकात शिरली त्याला विकल्या जाणाऱ्या प्रत्येक यंत्रामागे मोबदला मागता येतो. मोबदला वाजवी असावा, भेदभाव नसावा, असे वचन त्याच्याकडून आधी घेतात. वाजवी म्हणजे किती, हे मात्र कोर्टात ठरते! मार्च 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने लाव्हा कंपनीला एरिक्सनला 244 कोटी रुपये देण्यास सांगितले ते याच भांडणात.

मला जगदीशचंद्र बोस आठवले. 1895 साली त्यांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली. पेटंटचा त्यांना तिटकारा. स्नेही सारा बुल यांच्या आग्रहाखातर 1901 मध्ये अमेरिकेत अर्ज केला, 1904 मध्ये पेटंट मिळाले, पण त्यातून पैसा करण्याच्या फंदात ते पडले नाहीत. शाळेत गुरुजी हे सांगत तेव्हा आमची छाती फुगे. त्या रात्रीनंतर मला ते तितके सोपे वाटत नाही.

"त्या बैठकांना आपले कोणी जात नाही का रे?"

"जातात की, काका." पाचव्या पिढीच्या कसोटीत खेडे म्हणजे दोन मनोऱ्यांत 1732 मीटर अंतर आणि ताशी 120 किलोमीटरने धावणाऱ्या मोटारी, असे चित्र होते. 2013 मध्ये निघालेली टीएसडीएसआय ही आपली संस्था आणि आयआयटीची मंडळी म्हणाली, आमच्याकडे मनोरे विरळ आणि माणसे पायी. अंतर 6 किलोमीटर धरा. 2017 मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ही कसोटीही घेतली. तिच्यातली बहुतेक माणसे ताशी 3 किलोमीटरने चालतात.

"आमचे हे त्याहून हळू चालतात," वहिनी म्हणाल्या. दादांनी न ऐकल्यासारखे केले.

फोनचा बारीक आवाज बॅटरी न जाळता लांब पोचविण्याची युक्ती मद्रास आणि हैदराबादच्या आयआयटींत निघाली. त्यावरचे भारतीय मानक 2021 मध्ये जागतिक यादीत आले. मग आपल्याच कंपन्या कुरकुरल्या: निराळे मानक म्हणजे निराळे फोन, निराळी यंत्रे, दुप्पट खर्च! त्यांचेही खोटे नव्हते. शेवटी 2022 मध्ये ती युक्ती जगाच्या सामायिक मानकातच मिसळली.

"म्हणजे आता माझा फोन लागेल?" वहिनींनी विचारले.

"कागदावर आलंय, काकू. मनोऱ्यात आणि तुमच्या फोनात यायचंय."

वहिनी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी ओसरीवर, तुळशीपाशी, गोठ्यात पणत्या लावून झाल्या. एक उरली, ती त्यांनी चिंचेखालच्या दगडावर नेऊन ठेवली.

पुण्याला पोचताच मी फोन केला. पहिल्याच खेपेस लागला.

"वहिनी, दगडावर उभ्या आहात ना?"

"मग कुठं असणार, भावोजी?"