कडेला उभी असलेली माणसे

घरगुती चित्रीकरणाची खरी जागा बैठकीच्या खोलीतील टीव्हीवर असते. संगणकासमोर एकच खुर्ची मांडलेली असते. टीव्हीसमोर मात्र आजीपासून नातवंडांपर्यंत सारे घर बसते, आणि बारशाचे किंवा मुंजीचे चित्रीकरण पाहताना ‘ही कोण गं?’ असे विचारणारे आणि त्याचे उत्तर ठाऊक असलेले माणूस शेजारी बसल्याशिवाय त्या चित्राचा अर्थ पुरता उलगडत नाही. म्हणूनच 1999 मध्ये अमेरिकेत टिव्हो, म्हणजे आतल्या हार्ड डिस्कवर कार्यक्रम नोंदवून ठेवणारा रेकॉर्डर, बाजारात आला आणि त्याची पुढची यंत्रे घरच्या नेटवर्कमधून संगणकाशी जोडता येऊ लागली, तेव्हा हँडीकॅमवरून संगणकात उतरवलेली चित्रीकरणे टीव्हीच्या कार्यक्रमांच्या यादीत आणून ठेवण्याची धडपड काही घरांत सुरू झाली. तिथल्या मराठी कुटुंबांपुढे आणखी एक अडचण असे. भारतातील कॅसेट पाल पद्धतीची, 625 रेषांची आणि सेकंदाला 25 फ्रेमची, तर अमेरिकेतील एनटीएससी पद्धत 525 रेषांची आणि सुमारे 30 फ्रेमची. त्यामुळे पुण्यातल्या लग्नाची कॅसेट तिथल्या साध्या व्हीसीआरवर नीट दिसत नसे आणि ती आधी एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत बदलून घ्यावी लागे.

संगणकातून रेकॉर्डरकडे जाताना चित्राला आक्रसावे लागते. डीव्ही कॅसेटवरचे एका तासाचे चित्रीकरण संगणकात सुमारे 13 गिगाबाइट जागा घेते. त्या पिढीतील टिव्होला ते चालत नाही, त्याला एमपेग-2 या रूपातील चित्रच लागते, आणि सेकंदाला 6 मेगाबिट या वेगाने तेच चित्रीकरण सुमारे 2.7 गिगाबाइटमध्ये मावते. हे साधते कसे, तर एमपेग-2 पद्धत दर काही फ्रेमनंतर एक फ्रेम पूर्ण साठवते आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदलले तेवढेच टिपते. मातृभोजनाच्या पंगतीत आईचा घास भरवणारा हात हलतो, म्हणून त्याची नोंद पुन्हा पुन्हा होते. मागची भिंत, तिच्यावरचे कालनिर्णय आणि कोनाड्यातला रेडिओ जागचे हलत नाहीत, म्हणून त्यांची नोंद कधीतरी एकदा होते. हिशेब अगदी रास्त आहे. तरीही पंचवीस वर्षांनी ते चित्रीकरण पाहणाऱ्यांची नजर त्या भिंतीवरच खिळते, कारण तो वाडा पाडून तिथे इमारत उभी राहिलेली असते आणि त्या भिंतीचे दुसरे चित्र कोणाकडेच नसते.

घरगुती चित्रीकरणाला म्हणूनच चित्रपटापेक्षाही अधिक सढळ हाताने जागा द्यावी लागते. हातात धरलेला कॅमेरा थरथरला की सारी फ्रेम बदलते. माजघरातल्या अपुऱ्या उजेडात चित्रावर रवाळ ठिपक्यांचा जो थर साचतो, तोही प्रत्येक फ्रेममध्ये नवा असतो. जागा वाचवण्यासाठी वेग फार कमी ठेवला, तर यंत्राची सारी शक्ती ती थरथर आणि ते ठिपके टिपण्यातच खर्ची पडते आणि माणसांच्या चेहऱ्यांवर चौकोनी ठोकळे उमटतात.

दुसरी हानी कडेला होते. जुन्या पेटीसारख्या टीव्हीत चित्र पडद्यापेक्षा थोडे मोठे आखलेले असते, म्हणून चारही बाजूंची एक पट्टी चौकटीआड जाते. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. व्यावसायिक छायाचित्रकार महत्त्वाचे सारे मध्यभागी ठेवतो. घरच्या समारंभात मात्र मधोमध बटू किंवा नवरानवरी असतात, आणि ज्यांच्या जिवावर तो समारंभ पार पडतो ती माणसे कडेला उभी असतात: ताटे वाढणारी आत्या, समई सावरणारी काकू, दारात टेकून उभा राहिलेला अबोल काका. संगणकावर दिसणारी ही माणसे टीव्हीवर अर्धी कापली जातात. त्यावर उपाय सोपा आहे: रूपांतर करण्याआधी मूळ चित्र किंचित लहान करून त्याभोवती काळी कड सोडली, की चौकटीआड जाते ती कड, आणि आत्या पडद्यावर शाबूत राहते.

रेकॉर्डरचा आणखी एक स्वभाव ओळखून असावे. त्याची डिस्क भरत आली की नव्या कार्यक्रमासाठी तो जुना आपणहून पुसतो. पुसू नये अशी सूचना वेगळी द्यावी लागते. ती दिली तरीही रेकॉर्डर पाहण्यासाठी असतो, जपण्यासाठी नव्हे, आणि आक्रसलेल्या चित्रातून गाळलेला तपशील पुन्हा भरून काढता येत नाही. म्हणून टीव्हीवर चित्र आले की मूळ कॅसेट आणि संगणकातील मूळ फाइल टाकून न देता फाइलच्या प्रती दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवाव्यात, आणि सारे घर पाहायला बसलेले असतानाच कडेच्या माणसांची नावे, गाव आणि साल एका वहीत लिहून घ्यावे. चेहरे यंत्र सांभाळील. नावे मात्र ती ठाऊक असणारी माणसे समोर आहेत तोवरच लिहून घेता येतात.