भावनगर किती दूर?

सुरतेस आमचे वास्तव्य तीस वर्षांचे. आमच्या थोरल्या भगिनी भावनगरला दिलेल्या. मेहुणे तेथे रेल्वेत नोकरीस होते. "भावनगर किती दूर?" असे गावाकडील कोणी विचारले की आमचे उत्तर ठरलेले असे, "रात्रभराचा प्रवास आहे हो!" या उत्तराच्या आडोशाने आम्ही बारा वर्षे त्यांच्या घरची पायरी चढलो नाही.

उत्तर अगदीच खोटे नव्हते. सुरत व भावनगर यांच्यामध्ये खंबायतचे आखात पसरले आहे. रस्त्याने जावयाचे तर भडोचला नर्मदा, वासदजवळ मही व पुढे साबरमती ओलांडून त्यास वळसा घालावा लागतो. हा पल्ला सुमारे ३७० किलोमीटरांचा. बसने दहा तास सहज मोडतात.

पुढे २०२२ च्या जानेवारीत सुरतेहून भावनगरला नऊ आसनांचे लहान विमान जाऊ लागले. पावसाळ्याच्या तोंडावर भाच्याचा फोन आला, "मामा, आईची प्रकृती बरी नाही. ती तुमची वाट पाहते." आता सबब सांगावयास जागा उरली नव्हती.

निघण्यापूर्वी आम्ही हिशेब मांडला. दोन्ही विमानतळांतील सरळ अंतर सुमारे ९० किलोमीटर. वैमानिक ते सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, तेव्हा हे झाले जेमतेम पन्नास मैल. ताशी ३०० किलोमीटर वेगाने ते १८ मिनिटांचे काम. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे व खाली उतरणे धरून अर्धा तास होतो. विमानतळावर तासभर आधी पोहोचणे आणि दोन्हीकडची रिक्षा मिळविली, तर घरापासून घरापर्यंत तीन तास.

विमान उडाले. तापीचे मुख व हजिऱ्याची धुराडी मागे पडली. खाली आखाताचे गढूळ पाणी दिसते न दिसते तोच पलीकडची मिठागरे आली. एवढ्याशा पाण्याचे आम्ही केवढे अवडंबर माजविले होते!

भगिनी खाटेवर उठून बसल्या. "आलास? किती वेळ लागला रे?"

"विमानात अर्धा तास, बाय."

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षे मी एवढ्याच अंतरावर होते?"

आम्ही मान खाली घातली. विमानाची सबब तरी कशी सांगावी? नोव्हेंबर २०२० मध्येच हजिऱ्याहून घोघ्यास मोठी फेरीबोट सुरू झाली होती. ९० किलोमीटरांचा जलमार्ग, सुमारे चार तासांचा. आम्ही तिची वेळदेखील कधी विचारली नव्हती.

त्यानंतर आम्ही चार वेळा गेलो, तेही बोटीनेच, कारण विमानाचे भाडे दरवेळी परवडणारे नव्हते. दर खेपेस भगिनी माहेरच्या विहिरीच्या, आईच्या हातच्या भाकरीच्या गोष्टी काढीत. नाताळापूर्वी त्या देवाघरी गेल्या. त्या चार भेटी आम्हांस लाभल्या. मागील बारा वर्षे मात्र आता कोणत्याही वाहनाने परत मिळणार नाहीत.

वाचकहो, "दूर आहे" म्हणून ज्या आप्ताच्या घरी आपले जाणे राहिले असेल, तिकडील गाडीची वेळ आजच विचारून ठेवावी, एवढीच विनंती.