भुलेश्वर रांग: पुण्याच्या कुशीतली डोंगरधार

सिंहगडापासून पूर्वेला निघालेली एक बुटकी डोंगररांग कात्रज, बोपदेव, दिवे या घाटांना वाट देत यवतजवळच्या भुलेश्वरापर्यंत जाते. पुणेकरांच्या नजरेला ती रोज पडते, पण तिचं नाव सांगणारा क्वचितच भेटतो. दिवे घाटाच्या माथ्यावर पडलेल्या पावसाच्या इथे दोन वाटा होतात. उत्तरेचं पाणी मुळा-मुठेकडे उतरतं, दक्षिणेचं कऱ्हेकडे. मुळा-मुठा भीमेला मिळते, कऱ्हा नीरेला, आणि नीरा नरसिंहपूरला नीराही भीमेत येते. पुढे पंढरपुरात हे सगळं पाणी चंद्रभागा म्हणून ओळखलं जातं.

पालख्यांचंही तसंच. पुण्यात एकत्र मुक्काम केलेल्या दोन्ही पालख्या हडपसर सोडलं की वेगळ्या होतात. तुकोबांची पालखी रांगेच्या उत्तर पायथ्याने लोणी काळभोर, यवत अशी जाते. ज्ञानोबांची घाट चढून सासवड, जेजुरी, वाल्ह्याकडे वळते. गाठ पडते ती थेट पंढरपूरजवळ वाखरीला.

आषाढी वारीतला हा टप्पा मी चाललो आहे. पुणे ते सासवड ही माउलींच्या वाटेवरची मोठी मजल, त्यात बहुधा एकादशीचा उपास आणि वर घाट. रथाला इथे जादा बैलजोड्या लावतात. खालच्या वळणावर टाळ वाजतात ते वरच्या वळणावर ऐकू येतात, आणि डोईवर तुळस घेतलेल्या बाया त्या तालावर चढत राहतात. माथ्यावर टेकलेल्या एका वयस्कर वारकऱ्याला मी पूर्वेकडे मल्हारगडाच्या दिशेने बोट दाखवलं. ते म्हणाले, “इतक्या वाऱ्या झाल्या, पण तिथं गड आहे हे कुणी सांगितलं नव्हतं बघा, माउली.”

त्यांचं बोलणं मला लागलं. महाराष्ट्रात सगळ्यात शेवटी बांधलेला किल्ला म्हणून मल्हारगड ओळखला जातो. दिवे घाटावर नजर ठेवण्यासाठी पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानसे घराण्याने तो १७५७ ते १७६० या काळात बांधला. म्हणजे तट पुरा झाला आणि पुढच्याच वर्षी पानिपत झालं. गड लहान, तिकोनी, एका दमात पाहून होणारा. आत चौकोनी बालेकिल्ला आणि शेजारी शेजारी दोन देवळं, एक खंडोबाचं, एक महादेवाचं. पायथ्याच्या सोनोरी गावात पानशांचा वाडा आहे, म्हणून गडाला सोनोरीचा किल्लाही म्हणतात.

मला इथे श्रावणात यायला आवडतं. झेंडेवाडीकडून गवतातल्या पायवाटेने चढायचं आणि दक्षिणेच्या तटावर बसायचं. ढग सरकला की समोर कऱ्हेचं खोरं आणि त्यापलीकडे पुरंदर-वज्रगडाची जोडी दिसते. खाली अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तटावरून मागे वळलं की मात्र पुण्याच्या इमारती डोंगराच्या पायाशी येऊन ठेपलेल्या दिसतात. घाटाचा रस्ता रुंद व्हायला हवा, वारकऱ्यांनाही तो हवा आहे, हे मला मान्य आहे. पण मुरमासाठी उतार पोखरले जातात तेव्हा पाणी धरून ठेवणारी डोंगराची कूसच जाते. कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेणाऱ्या नानासाहेब पेशव्यांच्या काळात या डोंगराची किंमत शहराला पक्की ठाऊक होती.

रांगेच्या पूर्व टोकाला भुलेश्वर. यादवकाळातलं हे शिवालय बाहेरून देवळासारखं वाटतच नाही, कारण वरचे घुमट आणि मिनार नंतरच्या काळातले. अरुंद, अंधाऱ्या जिन्याने वर गेलं की काळ्या दगडातलं मूळ मंदिर समोर येतं. बाहेरचं ऊन डोळ्यांतून जायला थोडा वेळ लागतो, मग भिंतीवरचे हत्ती, योद्धे, रामायण-महाभारतातले प्रसंग एकेक करून उजळतात. गणपतीचं स्त्रीरूप इथे कोरलेलं आहे. ते शोधताना मी दोनदा त्याच्यासमोरून गेलो होतो, शेवटी गुरवांनीच दाखवलं. पुष्कळ मूर्तींचे चेहरे आणि हात फोडलेले आहेत. तरी कमरेची वळणं, दागिन्यांचे मणी इतके सफाईदार की नजर हलत नाही.

याच डोंगरावर आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने दौलतमंगळ नावाचा किल्ला उभारला. १६३०च्या सुमारास शहाजीराजांची पुण्याची जहागीर त्याने जाळून बेचिराख केली होती. त्या उद्ध्वस्त मुलखावर नजर ठेवायला हा किल्ला. पुणे पुढे जिजाबाईंनी आणि शिवाजीराजांनी पुन्हा वसवलं. दौलतमंगळाचे आज जेमतेम काही बुरूज आणि तटाचे तुकडे उरलेत. देवळाकडे जाणारा गाडीरस्ता त्यांना लागूनच जातो, आणि श्रावणी सोमवारी दर्शनाची घाई असलेल्या गाड्या तिथे सहसा थांबत नाहीत.